घर कधी सोडायचं हे आधीच ठरवा: नैसर्गिक संकटांसाठी कुटुंबाची योजना

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातल्या नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. उद्रेक तसा मोठा नव्हता, पण त्याच्या उष्णतेने शिखरावरचं बर्फ वितळलं आणि पाणी, राख, दगड यांचा लोंढा नद्यांच्या पात्रांतून खाली निघाला. आर्मेरो या गावापर्यंत पोचायला त्याला सुमारे अडीच तास लागले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात होतं. चालत गाठता येईल अशी उंच जागाही जवळ होती. तरी त्या रात्री २० हजारांहून अधिक माणसं गेली. मुख्य उद्रेकाआधी संध्याकाळीच राख पडायला लागली, तेव्हा लोकांना शांत राहा, घरातच थांबा असं सांगण्यात आलं होतं.

माहिती होती, वेळ होता, वाट होती. कोणती खूण दिसली की निघायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. अनेक मोठ्या आपत्तींची हकिगत वाचताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. संकट समोर असताना माणूस निर्णय घेत नाही, तो खात्री करून घेत बसतो: शेजाऱ्यांकडे बघतो, फोन करतो, पुन्हा खिडकीतून डोकावतो. ही सगळ्यांचीच वृत्ती आहे, तिला दोष देऊन उपयोग नाही. उपाय एकच, निर्णय आधी घेऊन ठेवायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. एका सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी कागद घेऊन बसावं.

पहिली पायरी: तुमच्या जागेचे धोके ओळखा

सगळ्या संकटांची तयारी कुणालाच जमत नाही. तुमच्या जागेला खरोखर लागू असलेली दोन-तीन संकटं शोधा. घर नदी-नाल्यापासून किती दूर आणि किती उंच आहे? मागे डोंगरउतार आहे का, आणि तो कापून रस्ता किंवा घरं बांधली आहेत का? समुद्र किती जवळ? जमीन भरावाची आहे का? वरच्या अंगाला धरण आहे का? उन्हाळ्यात वाळलेलं गवत किंवा जंगल घराला भिडतं का? पूररेषेचे, भूकंप क्षेत्रांचे आणि दरडप्रवण भागांचे सरकारी नकाशे बहुतेक देशांत उपलब्ध असतात, ते बघा. परिसरातल्या सर्वांत वयस्क माणसांना भेटा आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं ते जागेवर दाखवायला सांगा.

इथे एका गैरसमजाने फार नुकसान होतं. 'शंभर वर्षांतला पूर' म्हटलं की एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे. मागच्या वर्षी आला असला तरी या वर्षीची शक्यता तेवढीच राहते. एखाद्या घरात तुम्ही ३० वर्षं राहणार असाल, तर त्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. 'आमच्या आठवणीत इथे कधी पाणी आलं नाही' हा भरवसा पुरेसा नाही.

दुसरी पायरी: घर तपासा

२०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ तीव्रतेचा झाला, म्हणजे सुमारे ५०० पट अधिक ऊर्जेचा. चिलीत भूकंप आणि त्यामागून आलेली त्सुनामी मिळून सुमारे ५२५ माणसं गेली. हैतीत बळींचा आकडा लाखाच्या वर गेला. हैतीचा भूकंप राजधानीच्या अगदी जवळ झाला हे खरं, पण मोठा फरक बांधकामाचा होता. चिलीत भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधकामाचे नियम होते आणि ते बऱ्याच अंशी पाळले जात होते. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचाच होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचं वजन झोपलेल्या माणसांवर कोसळलं. जवळपास १० हजार जीव गेले.

भूकंपाच्या पट्ट्यात राहत असाल तर घराची एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. तळमजला नुसत्या खांबांवर असेल, भिंती एकमेकींना बांधलेल्या नसतील, वर मजला चढवला असेल किंवा आतली भिंत काढून खोली मोठी केली असेल, तर ती तपासणी लांबवू नका. खर्च जमेपर्यंत निदान हे करा: उंच कपाटं भिंतीला पट्ट्यांनी घट्ट करा, पलंगाच्या वरचे माळे आणि जड चौकटी काढा, पाण्याची टाकी आणि गॅसचा सिलिंडर हलणार नाही असा बांधा. एका संध्याकाळचं काम आहे. १९९५ च्या कोबे भूकंपात ६,४०० हून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक पडलेल्या घरांखाली आणि सामानाखाली चिरडून किंवा गुदमरून.

पुराच्या जागी विजेचा मीटर, इन्व्हर्टर, धान्य आणि कागदपत्रं जुन्या पूरखुणेच्या वर न्या. वादळाच्या जागी छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला नीट जखडलेली आहे का ते पाहा, कारण वारा आधी छप्पर उचलतो आणि मग भिंती आधाराविना पडतात. वणव्याच्या जागी घराभोवतीचा पालापाचोळा आणि पन्हळींतली सुकी पानं काढा. अनेक घरं उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, मुख्य आग त्यांच्यापर्यंत पोचतही नाही.

तिसरी पायरी: निघण्याची खूण ठरवा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. 'पाणी फार वाढलं की निघू' ही खूण उपयोगाची नाही, कारण 'फार' म्हणजे किती यावर त्या रात्री वाद होईल. खूण डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारी हवी, लहान मुलालाही ओळखता येईल इतकी स्पष्ट हवी आणि बाहेर पडण्याची वाट बंद होण्याच्या बरीच आधी येणारी हवी.

हिशेब उलटा करा. पुराचं उदाहरण घ्या. तुमचा बाहेर पडायचा रस्ता कुठे तरी सखल असतो, एखादा मोरीचा पूल किंवा कॉजवे. घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी तो बुडतो. म्हणून घराच्या उंबरठ्याकडे बघून निर्णय घ्यायचाच नाही, त्या सखल जागेकडे बघायचं. आता वेळ मोजा. सामान उचलायला अर्धा तास, आजीला जिन्यावरून उतरवायला वीस मिनिटं, गाडी किंवा पायी प्रवास चाळीस मिनिटं, म्हणजे एकूण दीड तास. रात्र, पाऊस, अंधार आणि गडबड धरून तो दुप्पट करा. तीन तास झाले. सखल जागा बुडण्याच्या तीन तास आधी पाणी कुठे असतं, हे गेल्या पुरांच्या अनुभवावरून विचारून घ्या आणि त्या उंचीवर एखाद्या खांबावर किंवा दगडावर रंगाने पट्टा मारा. पट्टा बुडाला की निघायचं. धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आली आणि काळोख पडायला दोन तास उरले असतील, तर पट्टा बुडायची वाटही बघू नका.

दरडीच्या बाबतीत डोंगर आधी काही खुणा देतो. उतारावर किंवा अंगणात नव्या भेगा पडतात, झाडं आणि विजेचे खांब कलायला लागतात, दारं-खिडक्या अचानक अडकायला लागतात, नेहमी कोरड्या असणाऱ्या जागी झरे फुटतात. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा जोरदार पाऊस चालू असताना ते एकाएकी कमी झालं, तर वर कुठे तरी माती-दगडांनी प्रवाह अडवला असण्याची शक्यता असते आणि तो बांध फुटू शकतो. यांतली एक खूण पुरे. दुसरीची वाट पाहू नका. आणि मुसळधार पाऊस सलग दोन-तीन दिवस टिकला असेल, तर एकही खूण नसली तरी उताराखालच्या घरात रात्र काढू नका. पुण्याजवळचं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडलं गेलं. दरड खाली यायला लागल्यावर पळायला वेळ उरत नाही.

किनाऱ्यावर खूण पायांखालीच मिळते. धक्का इतका जोराचा असेल की उभं राहवत नाही, किंवा तो बराच वेळ टिकला, किंवा समुद्र एकदम मागे हटला, तर भोंग्याची आणि मेसेजची वाट न बघता उंच जागेकडे निघायचं. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण गाण्यांतून आणि आजी-आजोबांच्या गोष्टींतून जिवंत राहिली होती. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र या बेटाच्या अगदी जवळ होतं आणि लाटा काही मिनिटांतच पोचल्या. तोवर लोक टेकड्यांवर होते. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात माणसं गेली. त्यांच्याकडे यंत्रणा नव्हती, पिढ्यांनी ठरवून दिलेली खूण होती.

वणव्याची खूण धूर दिसणं ही ठेवू नका, तो फार उशीर आहे. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली. घरात राहून आगीशी झुंजायचं की लवकर निघायचं हे कुटुंबांनी ठरवावं, असा तोवर सल्ला असे. त्यानंतर अतितीव्र दिवसांसाठी वणव्याच्या इशाऱ्याची नवी पातळी आली आणि सल्लाही बदलला: तसा दिवस जाहीर झाला की आग लागायच्या आधीच निघून जा. म्हणजे खूण झाली हवामानाचा अंदाज. चक्रीवादळाचंही तसंच आहे. वारा सुटल्यावर रस्त्यावर येणं घरात राहण्यापेक्षा घातक ठरू शकतं, म्हणून सरकारी आदेश किंवा किनाऱ्याला धडकण्याची जाहीर झालेली वेळ यांना खूण बांधा.

शेवटी एक नियम घरात लेखी ठेवा: निघण्याबाबत मतदान होणार नाही. खूण दिसली आणि घरातलं एकही माणूस, मग ती दहा वर्षांची मुलगी का असेना, 'निघू या' म्हणालं, की निघायचं.

चौथी पायरी: इशारे मिळण्याची सोय करा आणि खोट्या इशाऱ्याची भीती सोडा

हवामान खात्याचे आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचे संदेश फोनवर चालू करा. त्याशिवाय बॅटरीवर चालणारा रेडिओ ठेवा, कारण मोठ्या वादळात आधी वीज जाते, मग मोबाइलचे टॉवर बंद पडतात. तिसरी सोय माणसांची: वरच्या अंगाला राहणारं एखादं ओळखीचं कुटुंब, जे पाणी वाढल्याचं कळवेल. आणि तुम्ही कुणाला कळवणार, तेही ठरवा. १२ नोव्हेंबर १९७० चं भोला चक्रीवादळ येतंय हे हवामानतज्ज्ञांना कळलं होतं, पण किनाऱ्यावरच्या लोकांपर्यंत ते नीट पोचलं नाही. तीन ते पाच लाख माणसं गेली. त्यानंतर बांगलादेशाने गावोगावी स्वयंसेवक तयार केले, ते हातात भोंगे घेऊन दारोदार फिरतात. पुढे निवारेही बांधले गेले. आज तशाच ताकदीच्या वादळांत बळींची संख्या कितीतरी पटींनी कमी असते. ओडिशातही तोच धडा गिरवला गेला. १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास १० हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिन वादळाआधी सुमारे १० लाख लोकांना हलवलं गेलं आणि बळी पन्नासच्या आत राहिले.

इशारा मिळून काहीच झालं नाही, असंही होईल. वादळ वळतं, पाऊस दुसऱ्या खोऱ्यात पडतो. एक रात्र शाळेच्या जमिनीवर काढून घरी परत आलात, तर कंटाळा येणं स्वाभाविक आहे. तरी पुढच्या वेळीही निघा. वाया गेलेली रात्र भरून काढता येते.

वादळाच्या नकाशाबद्दल एक सूचना. लोक मधली रेघ बघतात आणि 'आपण तिच्यावर नाही' म्हणून निश्चिंत होतात. ती रेघ केंद्राच्या अंदाजे मार्गाची असते. वारा, पाऊस आणि समुद्राची चढलेली पातळी तिच्या दोन्ही बाजूंना दूरवर पसरलेली असते, आणि किनाऱ्यावर सर्वाधिक जीव घेते ती ही चढलेली समुद्राची पातळीच.

पाचवी पायरी: कोण मागे राहण्याची शक्यता आहे?

जुलै २०२१ मध्ये जर्मनीतल्या आर नदीला अचानक पूर आला, तेव्हा झिंत्सिग गावात दिव्यांगांच्या एका निवासात तळमजल्यावरच्या १२ जणांचा बुडून मृत्यू झाला. वरचा मजला काही पायऱ्यांवर होता. म्हणून कागदावर प्रत्येकाचं नाव लिहून पुढे लिहा: चालता येतं का, इशारा ऐकू येतो का, औषध किंवा वीज लागणारं यंत्र आहे का, दिवसा एकटं असतं का. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दोन उचलणारे नावानिशी ठरवा, त्यांतला एक शेजारी असावा. पूरप्रवण जागी त्यांना तळमजल्यावर झोपवू नका.

माणसं आणखी दोन कारणांनी मागे राहतात, जनावरं आणि चोरीची भीती. या भीतीची थट्टा करू नका, गोठ्यातली दोन जनावरं हीच अनेकांची सगळी पुंजी असते. त्यांना हलवायची उंच जागा आधी शोधा आणि त्यांची खूण माणसांच्या खुणेच्या आधीची ठेवा. ते जमलंच नाही, तर निदान दावं कापून त्यांना मोकळं सोडा. घरावर लक्ष ठेवण्यासाठी एक गडीमाणूस मागे ठेवायचा, ही पद्धत पूर्ण बंद करा.

मुलं शाळेत आणि मोठे कामावर असताना संकट आलं तर कुठे भेटायचं, हेही ठरवा. एक जागा घराजवळ, एक गावाबाहेर. आणि दूरच्या शहरातला एक नातेवाईक, ज्याला सगळ्यांनी 'मी ठीक आहे' एवढा मेसेज करायचा.

सहावी पायरी: पिशवी

यावर खूप लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. माणशी रोज तीन-चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचं पाणी घरात साठवा, त्यातलं उचलता येईल तेवढं सोबत न्या. न शिजवता खाता येणारं अन्न, आठवड्याची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, रोख पैसे, सॅनिटरी पॅड, चश्मा आणि कागदपत्रांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये. पायांत जाड तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. पिशवी दाराजवळ राहील. ती भरायला निघण्याच्या वेळी एक मिनिटही जाता कामा नये.

सातवी पायरी: प्रत्यक्ष वेळी

भूकंपात पळू नका. खाली बसा, टेबलाखाली जा, डोकं-मान झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. अंथरुणात असाल तर तिथेच पालथे व्हा आणि उशीने डोकं झाका. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा सल्ला जुना आहे, आजच्या घरांत तिथे खास संरक्षण नसतं. मात्र मातीच्या किंवा सुट्या दगडांच्या घरात दारालगत असाल आणि बाहेर मोकळं अंगण असेल, तर लगेच बाहेर पडणं बरं.

पुराच्या वाहत्या पाण्यात पाऊल टाकू नका. घोट्याच्या वर आलेलं, १५ सेंटिमीटर खोल वेगवान पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाड्या तरंगायला लागतात, ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहनं वाहून नेतं. पाण्याखालचा रस्ता शिल्लक आहे की खचलाय, हेही दिसत नाही. पुरात बुडणाऱ्यांतले कितीतरी जण गाडीत असतात.

वादळात वारा एकदम थांबला, आकाश उजळलं, तर वादळ संपलं असं समजू नका. केंद्र डोक्यावर आलेलं असू शकतं, आणि थोड्या वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. त्सुनामीतही पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असं नाही. लाटा कित्येक तास येत राहतात, सूचना मिळेपर्यंत उतरू नका.

मेघगर्जना ऐकू आली, म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने धक्का बसत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करा.

उष्णतेची लाट गाजावाजा न करता जीव घेते. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात सुमारे ७० हजार अधिक मृत्यू झाले, त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं फार होती. इथे खूण घर सोडण्याची नसते, दार ठोठावण्याची असते. इशारा आला की एकट्या शेजाऱ्यांना दिवसातून दोनदा भेटा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात धरा. अँब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला.

आठवी पायरी: परतताना

मुख्य संकट सरल्यावरही माणसं दगावतात. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीभोवतालच्या हजारो लोकांना वेळेत हलवलं होतं, पण त्याच दिवशी आलेल्या वादळी पावसाने छपरांवरची राख भिजून जड झाली आणि बरेचसे मृत्यू छपरं कोसळून झाले. भूकंपानंतर हादरे येत राहतात, तडे गेलेल्या घरात 'फक्त दागिने आणायला' जाऊ नका. गॅसचा वास आला तर स्विचला हात लावू नका. विजेचं काम जाणकाराने तपासेपर्यंत मेन बंद ठेवा. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी खळाखळा उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. चिखलात उघड्या जखमेने उतरू नका आणि पुरानंतर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता डॉक्टरांना बोलून दाखवा. साफसफाईआधी नुकसानीचे फोटो काढा.

नववी पायरी: सराव

११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली, तेव्हा कामाइशी शहरात शाळेत असलेली बहुतेक सगळी मुलं वाचली. वर्षानुवर्षं सराव केलेला होता. एका ठिकाणी तर ठरलेली जागा पुरेशी सुरक्षित वाटेना, तेव्हा मोठी मुलं लहानांचे हात धरून आणखी वर गेली आणि ठरलेल्या जागेपर्यंत पाणी आलं. योजना पाठ असली की ती मोडायचं धाडसही येतं.

वर्षातून दोनदा, त्यांतला एकदा रात्री दिवे बंद करून, ठरलेल्या जागेपर्यंत सगळ्यांनी खरोखर जा. घड्याळ लावा. आजींना उतरवायला वीसऐवजी पस्तीस मिनिटं लागली, तर ती पंधरा मिनिटं दुप्पट करून तिसऱ्या पायरीतल्या हिशेबात घाला आणि खांबावरचा पट्टा तेवढा खाली आणा.